विस्तवातून उचललेला पट्टा

फ्रेंच कप्तान बेर्तेल लांबघराच्या, म्हणजे सगळं कूळ एका छपराखाली राहतं त्या लांबट घराच्या, मधल्या चुलीपाशी उभा होता. नदीच्या मुखाशी गढी बांधू द्या, एवढंच त्याचं मागणं. शब्दाची खूण म्हणून त्याने शिंपल्याच्या मण्यांचा जांभळा पट्टा पुढे धरला. तो हाती घेतला की होकार झाला. म्हणून गावाचं उत्तर ठरेपर्यंत पट्टा दांडीवर टांगायचा, त्याला हात लावायचा नाही, हे गावाच्या वतीने बोलणाऱ्या हनोयेला झोपेतही ठाऊक होतं. समोर इंग्रजांचा माणूस कान टवकारून बसला होता. गढी झाली तर आमच्याकडून बंदुकीची दारू बंद, असं तो सकाळीच सांगून बसला होता.

कप्तानाच्या हातून पट्टा निसटला. थेट विस्तवात.

विचार करायच्या आत हनोयेने हात घातला. मणी चटका देऊ लागले तेव्हा त्याला कळलं, आपण काय केलं ते.

"घेतला!" कप्तान हसला.

इंग्रज उठला. "मग मी निघतो."

"बस रे. कांजी शिजतेय अजून," बायकांमधून गाहोंती म्हणाली. ती हनोयेची मावशी, कुळातली थोरली. बोलायला माणूस नेमायचा नि काढायचा तो तिनेच. "हनोये, दे इकडे."

तिने राख झटकली आणि पट्टा कप्तानाच्या चटईवर ठेवला.

"पाहुण्याची वस्तू चुलीत पडली, पोराने काढून दिली. उद्या तुझी टोपी पडली तर तीही काढील. म्हणून काय ती आमची झाली?"

सगळं लांबघर खदखदून हसलं. इंग्रज परत बसला.

"पण त्याने हातात..." कप्तान म्हणू लागला.

"आणि त्या मुखाशी मका आम्ही बायका पेरतो. जमीन आमची. आम्हाला विचारलंस?"

"आता विचारतो," कप्तान म्हणाला.

"विचार की. चार दिवसांनी सांगू. तोवर पट्टा दांडीवर टांग. तूच टांग."

त्याने टांगला.

सगळे कांजी प्यायला बसले तेव्हा हनोये तिच्याजवळ सरकला. "मावशे, उत्तर मीच सांगू ना?"

त्याच्या भाजलेल्या बोटांना अस्वलाची चरबी चोळत ती म्हणाली, "नाही बाळा. तुझा हात फार भला आहे. बोलणाऱ्याच्या जागी बसणाऱ्याचा हात जागचा हलून चालत नाही. तुझा धाकटा भाऊ सांगेल."

"बरं," तो म्हणाला. वाडग्यातली कांजी मात्र त्याने तशीच ठेवली.

चौथ्या दिवशी तो मागच्या रांगेत बसला आणि धाकट्या भावाच्या तोंडून नकार ऐकला. पोराने शब्द नेटके निवडले होते. एका जागी तर हनोयेची मान आपोआप डोलली.