मुदत संपायची वाट

माझ्या पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या. हिशेब सरळ होता. मुदत संपली की या देशातले लोक मला ठेवून घेणार नाहीत, उचलून घरी पाठवतील. मी आपणहून जातो म्हणालो असतो तर मुलाचं तोंड उतरलं असतं. सरकारनेच हाकललं तर कोण कुणाला बोलणार?

ही गेली आणि महिन्याभरात मुलगा मला इकडे घेऊन आला. म्हणे, तिथे एकटे काय करणार? मग इथे काय दिवे लावतोय? तो सकाळी दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांची रक्तं तपासायला जातो. सूनबाई मी यायच्या आधीच त्याला सोडून गेली. त्याबद्दल तो चकार शब्द काढत नाही, म्हणून मीही विचारत नाही. दिवसभर मी आणि खिडकी. खिडकीतून खाली लावलेल्या गाड्या दिसतात. समोरच्या दारातली बाई भेटली की मान हलवते, मी मान हलवतो, झाल्या गप्पा. उभा जन्म शाळेत पी.टी. शिकवली, एका शिट्टीवर अख्खी शाळा सरळ केली. आणि इथे टपालवाल्याने काही विचारलं तर आवाजच फुटेना, आधी घसा खाकरावा लागला. घरी माझ्या दोन खोल्या आहेत. खाली कठड्यावर रोज संध्याकाळी आमची म्हाताऱ्यांची टोळी बसते, भांडते, चहा पिते. मला तिथे जायचं होतं. दुसरं काही नको होतं.

एक दिवस मुलगा म्हणाला, नव्या पासपोर्टसाठी घरी जायची गरजच नाही, इथे आपल्या वकिलातीत करून मिळतो, चांगला दहा वर्षांचा. झालं, सगळ्यावर पाणी पडलं! दहा वर्षांत मला वरूनच बोलावणं येईल, त्याला पासपोर्ट लागत नाही. मी तोंडाने बरं म्हणालो आणि मनात म्हणालो, बघतोच कसा होतो ते.

फोटोवाल्याने खुणेने सांगितलं, तोंड मिटा, सरळ बघा. ही गेल्यापासून मी हसलो नव्हतो, पण त्याने बटण दाबलं आणि मी बत्तिशी दाखवली. त्याने पुन्हा काढला, मी पुन्हा हसलो. शेवटी त्याने हात टेकले आणि फोटो पाकिटात घालून दिले. मुलगा बाहेर फोनवर होता, त्याने पाकीट उघडूनसुद्धा पाहिलं नाही. वकिलातीतल्या खिडकीमागची बाई आपली भाषा बोलणारी निघाली. दात दिसतात म्हणून तिने अर्ज परत केला. मुलाची रजा फुकट गेली. मला जरा वाईट वाटलं, पण जराच.

दुसऱ्या खेपेला फोटो त्याने स्वतः उभं राहून काढून घेतला, तिथे माझी डाळ शिजली नाही. मग मी सहीवर हात साफ केला. हजारो प्रगतिपुस्तकांवर केलेली सही अशी वेडीवाकडी काढली की माझी मलाच ओळखू येईना. बाईने जुना पासपोर्ट शेजारी धरला, चष्मा वर केला आणि म्हणाली, सही जुळत नाही.

"मग राहू द्या," मी पटकन बोलून गेलो. "संपू दे मुदत. जातो मी माझ्या घरी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आजोबा, संपलेल्या पासपोर्टवर तुम्हाला विमानात कोण घेईल? घरी जायचं असलं तरी नवाच लागतो."

मी असा तोंडघशी पडलो की विचारू नका. इतके दिवस अक्कल पाजळून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेत होतो. आणि मुलगा मागे उभा राहून सगळं ऐकत होता. मी गुपचूप दुसरा कागद मागितला आणि पहिल्यासारखी झोकात सही केली. बाईने शिक्का मारला.

बाहेर येऊन आम्ही बाकावर बसलो. आता हा चिडणार म्हणून मी तयारीत होतो. तो चिडला नाही. पासपोर्ट आला की लगेच तिकीट काढतो, म्हणाला, फक्त आधी सांगायचं होतंत. मग मीही मनातलं बोललो. म्हटलं, मी तिथे मजेत राहीन, तूही मोकळा होशील, माझं ओझं किती दिवस वाहशील?

तो बुटांकडे बघत म्हणाला,

"बाबा, ती सोडून गेल्यावर मी काम सुटलं तरी लॅबमध्येच बसून राहायचो. रिकाम्या घराचं कुलूप उघडवत नव्हतं. आई गेली, ते निमित्त झालं. तुम्हाला मी माझ्यासाठी आणलं."

रोज संध्याकाळी दारातून आत येताच तो "बाबा" म्हणून हाक मारतो. मला वाटायचं, म्हातारा आहे की गेला ते बघतोय. कधी कधी मी मुद्दाम ओ देत नसे. काय हा माझा आडमुठेपणा! एवढ्याशा घरात दोघं राहत होतो आणि दोघंही एकटे होतो.

त्याने फोन काढला, तारखा बघायला लागला.

"जायचंच काढू," त्याने मान वर न करता विचारलं, "की परतीचंही?"

मला नाही म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं.

"परतीचंही काढ," मी म्हणालो.

त्याने नुसती मान हलवली. डोळे भरून आले होते त्याचे, मी पाहिले नाहीत असं दाखवलं. बस कधी आहे ते बघायला तो कोपऱ्यापर्यंत गेला आणि मी बाकावर बसून राहिलो. घरी जायला मिळणार होतं. जाऊन खोल्या उघडीन, झाडून काढीन, आणि माझ्याच दारात उभी राहून शेजारीण हसत विचारेल, मास्तर, किती दिवसांचा मुक्काम? मला तिला दिवस सांगावे लागतील.