निस्ता आकडा

"हाय म्हणायचं न्हाई, अनसूया. आकडा म्हणायचा. निस्ता आकडा."

मिरजेच्या दवाखान्यात खाटेवर पडून लालासाहेबांनी मला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या घशातून आवाज येत नव्हता, नुसता वारा येत होता. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला होता आणि हो म्हटलं होतं. त्याला आता बरीच वर्षं झाली. पण आमच्या मॅनेजर विश्वजीत साहेबांनी टेबलावर तीन यंत्रं मांडली आणि म्हणाले, "ताई, यातलं एक तुम्ही निवडायचं," तेव्हा तो वारा पुन्हा कानाशी आला.

आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज तासगावच्या रस्त्याला आहे. सगळी थंडी अमोनियावर. कॉम्प्रेसरचं प्रेशर, टाकीची पातळी, खोल्यांचं तापमान असं सगळं तासातासाला कुणीतरी फिरून काट्यावर बघायचं आणि कागदावर उतरवायचं, ही आमची रीत. मालकांनी ठरवलं, कागद पुरे झाला. आता हातात धरायचं बिनतारी यंत्र घ्यायचं, इकडे आकडा घेतला की तिकडे ऑफिसच्या पडद्यावर उमटला पाहिजे. आणि खंडेनवमीला पान्यांच्या शेजारी ते पूजेत मांडायचं, हेही ते चार लोकांत बोलून बसले होते. मी शिफ्टची प्रमुख, म्हणून वापरून बघायचं काम माझं.

नवरात्र बसलं होतं. घरी घट होता, मला उपास होता आणि मी अनवाणी होते. कामाच्या जागी बूट घालावेच लागतात, ते मी देवीला आधीच सांगून ठेवते. फाटकाच्या आत बूट, बाहेर अनवाणी. तिची काही हरकत दिसली नाही अजून.

पहिलं यंत्र मोबाईलसारखं, दिसायला देखणं. पण हातमोजा घातला की त्याला बोट कळेना, आणि थंड खोलीतून बाहेर आणलं की काच अशी घामेजायची की आकडा दिसेना. ते बाजूला पडलं. दुसरं पिवळं, जाडजूड, मोठ्या बटणांचं. काट्याशेजारी एक बिल्ला चिकटवायचा, त्याला टेकवल्याशिवाय ते उघडतच नाही. म्हणजे दारात उभं राहून अंदाजानं आकडा भरायची सोयच नाही. जाड भिंतींच्या आत त्याचा संपर्क तुटतो, पण आकडा ते धरून ठेवतं आणि बाहेर आलं की पाठवतं. आमचा ऑपरेटर गुंडा ते हातात घेऊन म्हणाला, "टीव्हीचा रिमोट जेवून फुगलाय जनू."

तिसरं सगळ्यांचं लाडकं. ते बोललेलं ऐकायचं. छातीला लावायचं, काट्यापुढं उभं राहून बोलायचं, झालं. विश्वजीत साहेबांचा जीव त्याच्यात होता, आणि त्यांचं कारण खोटं नव्हतं. दोन नंबरच्या टाकीचा काटा बघायला शिडी चढावी लागते, तिथं दोन्ही हात मोकळे हवेत. मी स्वतः त्या शिडीवरून एकदा घसरले आहे.

यंत्रं विकणाऱ्या कंपनीचा शौनक सांगलीहून आला होता, हसतमुख मुलगा. त्यानं यंत्र गुंडाच्या छातीला लावलं. गुंडा कॉम्प्रेसरपुढं उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "एक नंबर बराबर हाय."

भोंगा वाजला. पडदा लाल झाला. बेदाणा निवडणाऱ्या बायका पदर नाकाला लावून पटांगणात पळाल्या. काही झालेलं नव्हतं. यंत्रानं 'हाय' ऐकलं होतं आणि ते त्याला इंग्रजीतलं वाटलं होतं, म्हणजे प्रेशर चढलंय. शौनक कानापर्यंत लाल झाला. मग तो सगळ्यांना शिकवायला लागला, हाय म्हणू नका, आहे म्हणा.

पुढचे दोन दिवस आमच्याकडं नुसतं आहे-आहे चाललं होतं. बायका गुंडाला मुद्दाम विचारायच्या, जेवण झालं आहे का पाव्हणं. तो म्हणायचा, "घरला बायकू इचारती, पुण्याची सोयरीक कवा केली म्हनून." पण भोंगा का वाजला ते कळल्यावर सगळे हसले, तेव्हा हसला नव्हता तो एकटाच.

लालासाहेब फौजेतून आलेले. तिथं इंजिनाचे मेकॅनिक, मग इथं आमच्या कॉम्प्रेसरवर. त्यांच्या बोलण्यात फौजेतलं इंग्रजी असायचं, काटा चढला तर हाय, उतरला तर लो. एकदा दोन नंबरचं प्रेशर एकदम चढलं. त्यांनी कॉम्प्रेसरजवळच्या फोनवरून ऑफिसात ओरडून सांगितलं, "दोन नंबर प्रेशर हाय." त्या पाळीला ऑफिसात बसलेला माणूस खटाव-माणकडचा, तिकडं सगळंच हाय असतं. त्यानं ऐकलं, प्रेशर आहे, म्हणजे ठीक आहे. बरं म्हणाला आणि फोन ठेवला. कॉम्प्रेसर बंद करायचं ऑफिसातलं लाल बटण कुणी दाबलं नाही. सांधा सुटला, वायू लालासाहेबांच्या तोंडावर आला. जीव वाचला, आवाज गेला. फोनवर कोण होतं ते त्यांनी चौकशीत सांगितलं नाही. आम्हा जुन्या दोघा-तिघांना माहीत होतं. आम्हीही कधी बोललो नाही. फोनवर गुंडा होता.

तिसऱ्या दिवशी शौनकनं तोडगा आणला. तो शब्दच यंत्रातून काढून टाकू, मग हाय म्हटलं तरी ते लक्ष देणार नाही. विश्वजीत साहेब खूश झाले. मला म्हणाले, उद्या सही करून टाका.

म्हणजे खरंच कुणी 'प्रेशर हाय' म्हणून ओरडलं, तरी यंत्र गप्प बसणार होतं. मला नाही म्हणायचं होतं. पण का, ते सांगायचं तर गुंडाचं नाव घ्यावं लागणार.

सकाळी घटाला माळ चढवताना मी देवीला एवढंच म्हटलं, माझ्या तोंडून त्याचं नाव निघू देऊ नकोस आणि काम होऊ दे.

कामावर गेल्यावर मी साहेबांना थोडा वेळ मागितला. शौनकला आणि फाटकावरच्या हंबीररावांना ऑफिसात फोनपाशी बसवलं. दोघांना चहा दिला आणि स्पीकर चालू ठेवून मी कॉम्प्रेसरकडं गेले. माझा आवाज मुळातच लहान, पण फोनवर नीट म्हटलं, "दोन नंबर प्रेशर हाय."

परत आले तेव्हा शौनक लाल बटणापाशी उभा होता. त्याचा चहा टेबलावर सांडलेला. हंबीरराव बशीत फुंकर घालत होते. मला बघून म्हणाले, "हाय ना? मग झालं की, ताई."

विश्वजीत साहेब दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे." थोड्या वेळानं त्यांनी मला विचारलं, असं पूर्वी कधी झालंय का.

मी झालंय म्हटलं आणि तिथंच थांबले.

दारात गुंडा उभा होता. तो कधी आला ते मला कळलं नव्हतं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"लालासाहेबांच्या येळंला फोनवर मी व्हतो, साहेब. ते म्हनालं हाय. मी म्हनालो बरं. चहा पीत व्हतो, असाच."

हंबीररावांनी बशी खाली ठेवली. साहेबांनी गुंडाला खुर्ची दिली, तो बसला नाही.

मग ते माझ्याकडं वळले. मी पिवळं यंत्र त्यांच्यापुढं सरकवलं. आकडा दाबायचा, शब्दच नको. शिडी चढताना यंत्र दोरीनं गळ्यात अडकवू, वर बिल्ल्याला टेकवून, काटा बघून खाली उतरलं की दाबू, थोडा वेळ जाईल तो जाऊ दे. ते म्हणाले, मालकांना कोण सांगणार? मी म्हटलं, मी सांगते.

मालक फोनवर चिडले. शेजारच्या स्टोअरेजात बोलणारं यंत्र आलंय आणि आमच्याकडं बटणं, लोक काय म्हणतील. मी सांगितलं, इथं यंत्राला शब्द नको, आकडा हवा. ते पुन्हा तेच म्हणाले, मीही पुन्हा तेच म्हटलं, तेवढ्याच आवाजात. शेवटी ते थकून म्हणाले, "घ्या मग तुमचा तो रिमोट."

खंडेनवमीला पाने, व्हॉल्व्हच्या चाव्या, जुना काटा असं सगळं पाटावर मांडलं. मधोमध पिवळं यंत्र. त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. बेदाण्याचा प्रसाद वाटला.

जे यंत्र येईल ते तुम्हाला आणून दाखवीन, असा शब्द मी लालासाहेबांना दिला होता. ते वडूजजवळ आपल्या गावी असतात. दरवर्षी दसऱ्याला मी जाते, आणि निघताना त्यांच्या मालकीणबाई शालूबाई दरवेळी म्हणतात, "गुंडाला म्हनावं, धनी वाट बघत्यात." मी निरोप आणायचे. गुंडा म्हणायचा, "येतो म्हनावं." इतक्या वर्षांत गेला नाही.

त्या दुपारी तो हातपाय धुऊन, घडीचा शर्ट घालून माझ्यापुढं आला. यंत्र मी नेऊन दाखवतो, साहेबांना विचारलंय म्हणाला, उद्या परत आणून देतो.

"विट्याची गाडी धरतो. तिथनं वडूज."

मी येऊ का विचारलं. त्यानं मान हलवली. मग जमिनीकडं बघत म्हणाला, "बोलता येत न्हाई म्हनं त्यास्नी."

"कान जवळ न्यावा लागतो," मी म्हटलं.

"व्हय."

मी यंत्र स्वच्छ पंच्यात गुंडाळून, प्रसादाची पुडी वर ठेवून पिशवी त्याच्या हातात दिली. फाटकाशी मी बूट काढले. तापलेल्या मातीवर पाय ठेवून उभी राहिले.

"येतो," गुंडा म्हणाला आणि निघाला. यंत्रावरचं कुंकू पुसू नये म्हणून तो पिशवी हातात न लोंबवता, दोन्ही हातांनी छातीशी धरून रस्त्याच्या कडेनं चालला होता.