लोण्याच्या बरणीतल्या गोळ्या

मी बरणी बोलतेय. कसली बरणी, असं लगेच विचारू नका, कारण तिथेच माझी गाडी अडते. जन्माने मी लोण्याची. पुढे कशाकशाची झाले ते आठवायला लागले की माझीच मती गुंग होते. तरी सांगते, कारण या घरात जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलेली मी एकटीच आहे.

चिनी मातीच्या एका कारखान्यात मी साच्यातून निघाले. रंग देणाऱ्या बाईने माझ्या पोटावर एक तपकिरी गाय काढली. शेपूट काढायला ब्रश उचलला आणि तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. परत आल्यावर बाईंनी माझ्या शेजारची बरणी उचलली. मी तशीच भट्टीत गेले, तशीच बाहेर आले, आणि कारखान्याच्या दारातल्या दुय्यम मालाच्या टेबलावर जाऊन बसले.

तिथे एक नवं जोडपं आलं. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, ती लाँड्रीत गिऱ्हाइकांचे कपडे उसवून-शिवून देणारी. तिने मला उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हिला शेपूटच नाही."

"असू दे," तो म्हणाला. "माशा तरी कुठे आहेत आपल्याकडे?"

ती हसली आणि मला पिशवीत टाकलं. तो माणूस असाच होता. तोंड गंभीर ठेवून बोलायचा, आणि समोरचा हसला की आपण काय केलं अशा चेहऱ्याने बघायचा. मला तो तेव्हाच आवडला.

पहिली कित्येक वर्षं माझ्या आयुष्यात काही घोळ नव्हता. माझ्यात लोणी असायचं. सकाळी ती झाकण काढायची, पावाला लोणी लावायची, तो डबा घेऊन कामावर जायचा. त्यांना मुलगी झाली, ती बोट बुडवून लोणी चाटायला शिकली, तिच्या हातावर चापट बसायची आणि बोट पुन्हा आत यायचं. लोणी चांगलं की वाईट, असा प्रश्न कुणाच्या डोक्यात नव्हता. ते फक्त संपलेलं असायचं किंवा संपलेलं नसायचं.

मग एका तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी त्याच्या रक्तात चरबी जास्त आहे असं सांगितलं. त्याच दिवशी माझ्यातलं लोणी खरवडून टाकलं गेलं आणि तेलापासून केलेलं पिवळं मार्गारिन आत आलं. मला त्याचा वास ओळखीचा वाटेना, पण म्हटलं, शिकलेल्या माणसाने सांगितलंय. काही वर्षांनी मुलीने फोनवर वाचून दाखवलं की मार्गारिन लोण्याहून वाईट. ते गेलं, जवसाची पूड आली. पुढे जवसाने त्याचं पोट बिघडलं, तीही गेली. दर वेळी मला कडकडीत पाण्याने धुतलं जायचं, आणि दर वेळी मला वाटायचं, आता तरी यांचं नक्की झालं असेल.

खरी धुमश्चक्री आत्या राहायला आल्यावर सुरू झाली. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात तिने हयात घालवलेली. निवृत्त झाल्यावर ती कुठल्याशा मंडळात जायला लागली. पूर्वीची माणसं खात होती तसं खा, असं ते मंडळ सांगायचं. आल्या आल्या तिने माझं झाकण उघडलं, आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "ही रिकामी का?"

दुसऱ्या दिवशी माझ्यात डुकराची चरबी होती. पांढरी, गुळगुळीत, थंडीत घट्ट.

"सगळी जीवनसत्त्वं चरबीतच असतात," आत्या म्हणाली. "लोणी खा, चरबी खा, सायीचं दूध प्या. आमच्या वसतिगृहातली पोरं घोड्यासारखी धावायची."

"आत्या, ती पोरं चौदा वर्षांची होती," मुलगी म्हणाली. "बाबा अठ्ठावन्नचे आहेत."

मुलगी आता चोवीसची, विम्याच्या कचेरीत फोन घ्यायची. तिने दूध, दही, लोणी, अंडी सगळं सोडलं होतं. दूध वासरासाठी असतं, हे तिचं वाक्य. माझ्या पोटावरची गाय दिसली की तिला वाईट वाटायचं. एकदा तिने त्या गाईवर फुलाचं चित्र असलेला कागद चिकटवला. आत्याने तो ओल्या फडक्याने काढला. तिने पुन्हा चिकटवला. त्या आठवड्यात मी कधी गाय होते, कधी फूल, आणि मला स्वतःलाच नक्की सांगता येत नव्हतं.

या दोघींच्या मध्ये सापडली ती आई. तिचा एक स्वभाव मला पुरता माहीत आहे. ती कुणाचंही मन मोडत नाही. लाँड्रीत गिऱ्हाईक म्हणालं बाही आखूड करा, तर आखूड. त्याच गिऱ्हाइकाची बायको म्हणाली लांब ठेवा, तर ती आत दुमडून शिवून द्यायची, म्हणजे दोघांचंही खरं. घरात तिने तेच केलं. आत्या म्हणाली दूध द्या, मुलगी म्हणाली दूध बंद, तर ती त्याला सकाळी गाईचं दूध द्यायची आणि रात्री बदामाचं. तो बिचारा दोन्ही प्यायचा.

"तुम्हाला कुठलं आवडतं?" असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

कंपनीच्या नव्या तपासणीत निघालं की त्याला ड जीवनसत्त्व कमी आहे. लिफ्टच्या भुयारात दिवस काढणारा माणूस, त्याला ऊन कुठून मिळणार? डॉक्टरांनी पिवळ्या गोळ्या लिहून दिल्या. मोठ्या ताकदीच्या, आठवड्यातून एकच, आठ आठवडे. आत्या म्हणाली, दुकानातल्या गोळीत जीव नसतो, आणि तिने माशाच्या यकृताच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. त्याही पिवळ्या, त्याही तेवढ्याच आकाराच्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. मुलगी म्हणाली, हे दोन्ही नको, आणि तिने शेवाळापासून काढलेले थेंब मागवले. रोज फळांच्या रसात दहा. दुसरीचं फेकून दे, हे दोघी एकमेकींच्या मागे आईच्या कानात सांगायच्या.

आईने काहीच फेकलं नाही. सगळंच दिलं.

टेबलावर खोकी, पट्ट्या, बाटल्या यांची रांग लागली. एका सकाळी ती रांगेकडे बघत उभी राहिली. मग तिने मला कपाटातून काढलं, घासलं, पुसलं, आणि एकेक पट्टी फोडून सगळ्या गोळ्या माझ्यात ओतल्या. खोकी कचऱ्यात गेली.

"हे काय करतेस?" त्याने विचारलं.

"टेबल दवाखान्यासारखं दिसतं हो," ती म्हणाली. "जेवायला बसलं की उगीच आजारी असल्यासारखं वाटतं."

"चला, बरणीला नोकरी लागली," तो म्हणाला.

मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं. पुन्हा टेबलाच्या मध्यभागी बसायला मिळालं होतं. पण माझ्या पोटात दोन तऱ्हेच्या पिवळ्या गोळ्या एकमेकींत मिसळल्या, आणि सकाळी एक, संध्याकाळी एक अशा ती त्याच्या तळहातावर ठेवू लागली. आठवड्याची गोळी तो रोज गिळत होता, कधी एक, कधी दोन. गोळ्या संपत आल्या की ती ओळखीच्या औषधवाल्याकडून दोन्ही आणायची आणि पुन्हा माझ्यात ओतायची. आठ आठवडे होऊन गेले. थांबायचं कधी, हे ज्या खोक्यावर लिहिलेलं होतं ते केव्हाच कचऱ्यात गेलं होतं.

मला कळत होतं. झाकण हलवून काही सांगता आलं असतं तर मी ते आपटून आपटून फोडून घेतलं असतं. पण आम्हा भांड्यांच्या हातात काय असतं? जे ओततील ते धरायचं.

त्याला तहान लागायला लागली. तांब्यावर तांबे पाणी प्यायचा. भूक गेली. सकाळी उठून ओकारी यायची. डबा तसाच परत यायचा.

"पोटात चरबी जात नाही, दुसरं काय होणार?" आत्या म्हणाली आणि सायीचं दूध वाढवलं.

"शरीरातली घाण बाहेर पडतेय, आधी असं होतंच," मुलगी म्हणाली आणि थेंब वाढवले.

दोघीही त्याच्यावर जीव टाकत होत्या, हे मला शपथेवर सांगता येईल. आई दोघींकडे बघायची आणि मान हलवायची. तिच्या चेहऱ्यावर कायम एक भांबावलेला भाव असायचा. तो मात्र गप्प होत चालला. त्याच्या चेष्टा बंद झाल्या. एका सकाळी त्याने मुलीला बहिणीच्या नावाने हाक मारली आणि आपण चुकलो हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

आणि मग एका दुपारी त्याचा जोडीदार त्याला धरून घरी घेऊन आला. हे दोघे एकतीस वर्षं एकत्र काम करत होते. जोडीदाराचे ओठ पांढरे पडले होते.

"वहिनी, याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात घेऊन चला," तो म्हणाला. "वरचा स्विच बंद न करता हा लिफ्टच्या टपावर चढला. मी वेळेवर ओढला म्हणून. एकतीस वर्षांत याने मला ते विसरू दिलं नाही, आणि आज हाच…"

आईने पिशवी घेतली. काय घ्यावं ते तिला सुचेना. शेवटी टेबलावरून मला उचललं आणि पिशवीत ठेवलं. आत्या सोबत निघाली, मुलगी कचेरीतून थेट तिकडे आली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई वयाने लहान आणि दमलेल्या होत्या. रक्ताचा अहवाल हातात धरून त्यांनी विचारलं, "हे काय काय घेतात?"

आईने मला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि कुणी काय आणलं, थेंबांपासून भांडणांपर्यंत, सगळं सांगितलं. बाईंनी माझ्या पोटावरची गाय पाहिली, झाकण काढलं आणि मला एका पांढऱ्या कागदावर उपडं केलं.

"यातली आठवड्याची कुठली?"

आई, आत्या, मुलगी तिघी कागदावर वाकल्या. बाईंनी एक गोळी कात्रीने कापली, हुंगली, बाजूला ठेवली. दुसरी कापली, हुंगली. "हिला माशाचा वास नाही. रोज यातल्या किती देत होता?"

"दोन," आई म्हणाली.

"कुठल्या दोन?"

"हाताला येतील त्या."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी सावकाश सांगितलं. ड जीवनसत्त्व पाण्यात विरघळून निघून जात नाही, ते अंगातल्या चरबीत साठतं. ते फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं, आणि माणूस असा होतो. गोळीत तेच, माशाच्या तेलात तेच, थेंबांत तेच. "तुम्ही भांडत होता," त्या म्हणाल्या, "आणि देत होता एकच गोष्ट."

"मग लोणी चांगलं की वाईट?" आत्याने विचारलं.

"लोण्याने नाही झालं हे."

"म्हणजे चांगलं."

"तसं मी म्हटलं नाही."

"म्हणजे वाईटच ना?" मुलगी म्हणाली.

"तसंही म्हटलं नाही. कुणाला, किती, आणखी कशाबरोबर, त्यावर असतं ते. सध्या यांना दूध, लोणी बंद. रक्त जागेवर आलं की बघू."

आत्याचं तोंड उतरलं. मुलगी जिंकली होती, पण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग दोघींनी एकदमच आईकडे पाहिलं.

"ओतल्या मीच," आई म्हणाली. "तुम्ही दोघींनी नीट सांगून दिल्या होत्या. मी मिसळल्या."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. मिसळल्या तर माझ्या पोटात होत्या.

तो नऊ दिवस दवाखान्यात होता. सलाइनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढल्या. पाचव्या दिवशी त्याने मुलीला तिच्या नावाने हाक मारली आणि ती बाहेर जाऊन रडली, असं मी नंतर घरी ऐकलं. डॉक्टरीणबाईंनी मला रिकामी करून परत पाठवलं होतं.

आज संध्याकाळी तो घरी आलाय. मला घासून खिडकीच्या कट्ट्यावर उपडं ठेवलंय, तिथून टेबल दिसतं. पाव आहे, उकडलेले बटाटे आहेत, भाज्यांचं सूप आहे. आत्या हात मांडीवर ठेवून बसलीये. मुलीने फोन दुसऱ्या खोलीत ठेवलाय. तो बारीक झालाय, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल पडलीये.

आई पळी हातात धरून उभी आहे. बराच वेळ झाला, ती नुसती उभी आहे.

"बस ना," तो म्हणतो.

"तुम्ही तुमच्या हाताने घ्या," ती म्हणते. "माझ्या हातून नको आता. वन्सं वाढतील."

आत्या हलत नाही.

तो आपलं ताट उचलतो आणि तिच्यासमोर धरतो.

"वाढ."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते," तो म्हणतो. "वाढ."

ती वाढते. पळी ताटाच्या काठाला लागून दोनदा वाजते. मग तीही खुर्ची ओढून बसते.

माझ्यात आता काय भरतील, मला माहीत नाही. लोणी, चरबी, जवस, की काहीच नाही. यांच्यातलं कोण बरोबर होतं, तेही मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कदाचित नक्की माहीत असेल. तुम्ही काही वाचलं असेल, कुणाकडून ऐकलं असेल, तुमच्या ओळखीत कुणाला गुण आला असेल. तुमच्या मनात चांगलंच असेल, यात शंका नाही. पण एवढी एक विनंती ऐका. आत्ता या घराची बेल वाजवू नका. ही माणसं जेवायला बसली आहेत.