चमचा कोणता होता

"ताई, खरं सांगा. स्टीलचा चमचा वापरलात ना?"

"वापरला, बाई. प्लास्टिकचा ऐन वेळी मोडला."

प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी हुश्श केलं. नळीतलं पिवळं पाणी गुलाबी झालं होतं, ते व्हायला नको होतं. पण स्टीलचं नाव निघालं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

जिवाणूंचं खाद्य शिजवता शिजवता ताईचे केस पिकले होते, तिला कारण सांगावं लागलं नाही. हे जिवाणू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, मग किडनीत खडे धरतात. त्यांच्या ज्या विकराचा, म्हणजे एन्झाइमचा, हा उद्योग, त्याला निकेल लागतं. आणि ते निकेल एक मदतनीस प्रथिन आणून जागेवर बसवतं. सगळे त्याला 'हमाल' म्हणत. नवं औषध या हमालाचेच हात बांधायचं. मात्र खाद्यात निकेल जास्त पडलं तर हमालावाचूनही भागतं, आणि औषध असूनही अमोनिया होऊन नळी गुलाबी होते. स्टीलमधून निकेल सुटतं, म्हणून त्या खोलीत स्टीलला बंदी.

नळीतले जिवाणू ताईच्या धाकट्या भावाचे होते. त्याची एक किडनी खड्यांनी खाल्ली होती, उरली एकच. नव्या औषधाच्या चाचणीत त्याला घ्या म्हणून ताईनेच बाईंचे पाय धरले होते, आणि आता तो ते घेत होता. देवा, माझीच चूक असू दे, असं ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती.

तिने काचेची भांडी आम्लात बुडवून धुतली, नवा प्लास्टिकचा चमचा काढला, सगळं पुन्हा मांडलं. औषधही स्वतःच्या हाताने घातलं.

दुसऱ्या दिवशी ती नळ्यांपाशी उभी असताना भावाचा फोन आला.

"ताई, औषध लागू पडलं गं! दुखणं पार पळालं. रविवारी जेवायला येतो, मोठं पातेलं काढून ठेव."

"ये की, खादाडा. पाणी पितोस ना भरपूर?"

"पितो गं बाई! म्हैससुद्धा लाजेल!"

ताई हसली, आणि तिची नजर नळीवर गेली. तळाशी गुलाबी रंग धरला होता. बूच सैल करताच अमोनियाचा दर्प नाकात गेला.

बाई दारात आल्या. त्यांनी नळी पाहिली, मग ताईकडे पाहिलं. एवढ्या आशेने त्यांनी तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"आज चमचा कोणता होता, ताई?"

स्टीलचा, असं जिभेवर आलं होतं. तेवढं म्हटलं की आणखी एक दिवस मिळाला असता, त्यालाही, तिलाही. पण औषध हरलं असेल, तर त्याच्या किडनीपाशी असे दिवस उरले नव्हते.

"प्लास्टिकचा, बाई," ताई म्हणाली.

फोनमधून भाऊ अजून हसत होता.