वासंती सर

"बाक लहान केले वाटते फादरनं. गुडघे मावूनच नाही राह्यले."

"बाक तेच हायेत, भगवानराव. पोट नवीन हाय."

मागच्या बाकावरची ही कुरकूर वासंतीच्या थेट कानात पडली आणि तिने हसू रुमालात दाबलं. माजी विद्यार्थ्यांची बैठक पाचवीच्या वर्गात भरली होती, कारण सभागृहाचे पंखे बंद होते आणि एप्रिलच्या उन्हात पंख्याशिवाय कोणाचंही शाळेवरचं प्रेम टिकत नाही.

फाटकावर 'सेंट क्लेमेंट बॉइज स्कूल' असं लिहिलेलं असलं, तरी सगळा तालुका तिला 'फादरची शाळा' म्हणे. एके काळी सोयरिकीच्या बोलण्यांत "मुलगा फादरच्या शाळेचा आहे" एवढं कानावर पडलं, की मुलीकडचे पुढची चौकशी सोडून पोह्यांच्या बशीकडे वळायचे. आता शाळेची शंभरी आली होती. नवं फाटक, नावाची शिळा, जुन्या शिक्षकांचे सत्कार, सगळ्यांवर तासभर बोलून झालं होतं. आणि मग फादर जोसेफ उठले.

फादर मूळचे केरळचे. मराठी ते मोताळ्याच्या आठवडी बाजारात शिकले, त्यामुळे प्रवचनसुद्धा वऱ्हाडीतच करत.

"फाटक तं होऊन जाईन," ते म्हणाले. "पन त्याच्यातून येनार कोन? पाचवीत यंदा चार पोट्टे हायेत. बिशपसायेबानं इचारलं, पोरी घ्याच्या का पाचवी बंद कराची? आज पाचवी गेली का पुढच्या साली सहावी. मंग शिळेवर काय लिव्हाचं, ते तुमीच ठरवा. जुन्या पोरायचं म्हननं काय हाय?"

जुनी पोरं एकदम छताकडे पाहू लागली. वासंती चहाचं बघून येते म्हणून बाहेर पडली. खरं तर तिला आत बसवत नव्हतं.

ती या शाळेतली पहिली बाई. रुजू झाली त्या सकाळी अख्खा वर्ग उठून उभा राहिला आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने एका सुरात ओरडला, "गुड मॉर्निंग, सर!" मग सगळे खजील झाले. पुढे काही दिवस पोरांनी 'मॅडम' म्हणून पाहिलं, पण जीभ घसरायची ती 'सर'वरच. शेवटी वासंतीनेच नाद सोडला. पोरांचं पाहून पालक म्हणू लागले, मग पोस्टमन, मग किराणावाला. घरी तिचा नवरा गोपाळही ताटावर बसला की विचारायचा, "सर, आज भाजी कोणती?"

व्हरांड्यात बाकावर एक बाई बसली होती. शेजारी दोन वेण्यांची पोरगी, पायात नव्या चपला.

"बाई, वासंती सर कुठी भेटतीन?"

"काय काम होतं?"

"ते त्यायलेच सांगतो."

"मीच वासंती सर."

बाईने तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. पोरगी फिसकन हसली. "आई, सरले टिकली हाय!"

"गप वं छकुली." बाई उभी राहिली. "मी सुचिता. अमडापूरहून आलो, पह्यल्या गाडीनं. आमच्या गावचे कंपाउंडर, रामभाऊ, तुमच्याच हातचे. त्यायनंच नाव सांगतलं. आता मले काय मालूम, सर म्हंजे बाई असते!"

"राम? शेवटच्या बाकावर बसायचा तो?"

"हाव. लय भला मानूस. सुई टोचाच्या आधी लेकराले सांगते, बापू, दुखन थोडंसं. इतर लोक म्हनतात, काई नाही होत, काई नाही होत, अन् खुपसून देतात. म्हनून आमच्याकडचे लेकरं रामभाऊकडंच हात धरू देतात. मी म्हटलं, मानूस असा जिथं बनते, तिथंच छकुलीले टाकतो."

वासंतीला राम आठवला. शुद्धलेखनात कायम नापास, कविता मात्र तोंडपाठ.

"पण ताई, ही मुलांची शाळा आहे."

"हे मालूम हाय मले," सुचिता म्हणाली. "तुमी बी तं पोट्टा नाही."

"बसा थोडं, आत्ता येते," एवढंच म्हणून वासंती आत आली.

आत भगवानराव उभे होते. मोताळ्याकडची मोठी शेती, बाजारात खताबियाण्याचं दुकान, माजी विद्यार्थी मंडळाचं अध्यक्षपद. उभ्याने बोलायची त्यांना सवयच.

"पोरी आल्या का शिस्त गेली समजा. बॉइज स्कूल म्हंजे बॉइज स्कूल. या वर्गात कधी लेडीजचा पाय लागला नाही, म्हनून तं नाव टिकलं! काहो वासंती सर, खरं का नाही?"

मागून कोणीतरी खुसखुसलं, आणि फादरांसकट सगळा वर्ग हसत सुटला. भगवानरावांनी कान पकडले.

"तुमचं येगळं हाय, सर. तुमी आमच्यातल्याच."

हसण्याचा फायदा घेऊन डॉक्टर कुशल उठला. दातांचा दवाखाना, स्वच्छ शर्ट. हाही वासंतीचाच विद्यार्थी. "मुली नको असं माझं म्हणणं नाही," तो म्हणाला, "पण आधी आपण शाळेचा एक चांगला व्हिडिओ करू. ड्रोन लावू. या शाळेनं मला घडवलं, हे लोकांपर्यंत पोचतच नाही."

"लोकायले शाळा नाही पायजे, टाय पायजे," कोणी म्हणालं.

"लोकायले चकचकीत पायजे."

"लोकच बदलले, तं शाळा काय करनार?"

लोक, लोक. वासंती ऐकत राहिली. रोज सकाळी शाळेसमोरून पिवळी बस जायची, बुलढाण्याच्या बड्या शाळेची. तिच्यात भगवानरावांचा नातू असायचा, कुशलचे दोन्ही मुलगे असायचे, पुढच्या बाकावरच्या वकिलांचा मुलगा असायचा. इथल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं आणि सगळे कसे सांभाळून त्याला वळसा घालत होते, रस्त्यातल्या झोपलेल्या कुत्र्याला घालावा तसा.

तिनेच का बोलू नये? बोलू शकत नव्हती ती. तिचा सोहमही त्याच बसने शिकला होता. शाळेसमोरच्या थांब्यावर विद्यार्थी पाहतील म्हणून ती त्याला पलीकडे पेट्रोल पंपाजवळ नेऊन उभी करायची, त्याला बसवून मग इकडे येऊन 'माझी शाळा' या विषयावर निबंध शिकवायची. आता तो पुण्यात नोकरीला होता आणि तिचं तोंड कायमचं बंद होतं. बोट दाखवलं की ते आपल्याकडेच वळणार.

"वासंती सर," फादर म्हणाले, "तुमी काई बोलल्या नाही."

बाहेरून छकुलीचा आवाज आला. व्हरांड्यातल्या भिंतीवरचे सुविचार ती अडखळत, पण मोठ्याने वाचत होती.

वासंती उभी राहिली.

"मुली घ्या, असं माझं मत आहे. पण त्याआधी एक सांगते. मघापासून लोक, लोक चाललंय ना, त्या लोकांतली एक मी आहे. माझा सोहम या शाळेत शिकला नाही. मी पगार इथला घेत होते आणि लेकराला पिवळ्या बसमध्ये बसवत होते."

ती खाली बसली. आता कोणीतरी 'पाहा, हिचंच असं' म्हणेल, म्हणून तिने मान खाली घातली. कुशलने मोबाइल पालथा ठेवला. चर्चमध्ये कबुली ऐकताना गप्प बसून समोरच्याला बोलू द्यायचं, हे फादरांचं अर्ध्या आयुष्याचं काम होतं.

"माहा नातू म्हने," भगवानराव म्हणाले, आणि त्यांचा सभेतला आवाज कुठे गेला कोण जाणे, "आबा, मी तुमच्याच शाळेत जातो. तुमी गोष्टी सांगता ना, त्याच शाळेत. मी म्हटलं, तिथं आता काय राह्यलं बे." ते फळ्याकडे पाहत होते. "रडला थो. मीच हात धरून बसमधी बसोला."

बाहेर छकुली पुढच्या सुविचारावर पोचली होती.

"बाहेर कोन वाचून राह्यलं?" भगवानरावांनी विचारलं.

"अमडापूरची एक बाई मुलीला घेऊन आलीय," वासंती म्हणाली. "हिला इथंच घालायचं म्हणते."

"मंग तिले आत बोलवा, फादर, अन् आमाले काई इचारू नका. या शाळेवर भरोसा असनारं मानूस या वर्गात एकबी नाही. थे बाहेर बसलं हाय."