सतरा ओरखडे

"सर, हा धरू का सोडू?"

तपासनीस बाई मागच्या दारापाशी उकिडव्या बसल्या होत्या. हातातलं प्लास्टिकचं कार्ड त्यांनी ओरखड्यावर आडवं धरलं होतं. कार्डाच्या कडेबाहेर ओरखड्याचं टोक जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढं डोकावत होतं.

"मला काय विचारतेस?" पट्टीसाहेब म्हणाले. "कार्डाच्या आत असेल तर माफ, बाहेर असेल तर दंड. हे तुला शिकवलं कोणी?"

"तुम्हीच."

"मग धर."

बाईंनी धरला. कागदावर अकरावा आकडा पडला.

पट्टीसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. लीजवर गाड्या देणाऱ्या कंपनीच्या आवारात एकतीस वर्षं मोजपट्टी घेऊन परत आलेल्या गाड्या तपासता तपासता ते त्यांना चिकटलं होतं. ग्राहकाने चहा पाजावा, नातं काढावं, डोळ्यांत पाणी आणावं. पट्टी काही हलायची नाही. एकाने ओरखड्यावर बायकोचं नेलपॉलिश लावून आणलं होतं. ते साहेबांनी नुसत्या वासावरून पकडलं.

आज मात्र साहेब रजेवर होते आणि गाडी त्यांचीच होती. घरासाठी घेतलेली सात जणांची मोठी एसयूव्ही, तीन वर्षांच्या लीजवर. आज मुदत संपत होती. आता एकतर ती परत करायची, नाहीतर तीन वर्षांपूर्वी करारात लिहिलेली किंमत मोजून कायमची ठेवायची. आपली गाडी आपण तपासायची नाही, हा नियम. तोही साहेबांनीच वरिष्ठांच्या मागे लागून करून घेतलेला. म्हणून हे काम त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या बाईंकडे आलं होतं. साहेब शेजारी उभे राहून तोंड बंद ठेवण्याचा प्रयत्न करत होते. जमत नव्हतं.

"बंपरखाली बघितलंस?"

"बघितलं. तिथे दोन आहेत."

"दोन? माझ्या हिशेबात एकच आहे."

"वाका, सर."

साहेब वाकले. दोन होते. ते सरळ झाले तेव्हा चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या हाताखालचं माणूस आपल्या पुढे गेलं की तोंडाला जी चव येते, ती होती.

त्यांची बायको पलीकडे सावलीत घड्याळ बघत उभी होती. ती नर्स. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं हे तिचं काम. पूर्वी बस बदलत बदलत दिवसाला चार घरं व्हायची. एकोणपन्नासाव्या वर्षी ती याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. नवऱ्याने शिकवूनही संसार टिकला, हे त्या गाडीचं पहिलं यश. आता नऊ घरं होत होती. पगार मात्र चार घरांचाच राहिला, कारण तो महिन्याला बांधलेला होता.

साहेबांनी हिशेब महिनाभर आधीच मांडून ठेवला होता. चार महिन्यांत निवृत्ती. कराराची किंमत आजच्या बाजारभावापेक्षा दहा टक्के जास्त. नऊ घरांनी उत्पन्नात एका पैशाची भर नाही. उत्तर एकच: गाडी परत. बायकोला त्यांनी ते वहीतून वाचून दाखवलं होतं.

"म्हणजे मी परत बसने जायचं," ती म्हणाली होती.

"पूर्वी जायचीसच की."

"हो ना. आणि उरलेल्या पाच जणांना सांगते, तुमच्या जखमा आता तुम्हीच धुवा." मग तिने भांडी जरा जास्तच आवाज करत लावली. विषय तिथे संपला, म्हणजे साहेबांच्या मते संपला.

"सतरा," तपासनीस बाईंनी जाहीर केलं. "काकू, इकडे या. आता कारणांचा रकाना. ओरखडा कुठे झाला ते सांगायचं."

"अगं, तिथे 'अज्ञात' लिही," साहेब म्हणाले. "लोक तिथे हमखास खोटं सांगतात. मी तो रकाना कधी विचारतच नाही."

"मी विचारते, सर. काकू, पहिला?"

"हा ना? मास्तरांच्या फाटकाचा. त्यांचा पाय कापायचाच म्हणत होते डॉक्टर. चाळीस दिवस रोज गेले मी. काल काठी टेकत फाटक उघडायला स्वतः आले होते."

"पाचवा?"

"दोघी बहिणींच्या गल्लीतला नळ. गल्ली अरुंद आहे हो, पण थोरलीला तपासणीला न्यायचं तर गाडी दाराशीच लागते. ती आत बसली की म्हणते, बाई, राणीसारखं वाटतं."

"नववा?"

बायकोने त्या जागेवरून बोट फिरवलं.

"शिंप्याच्या घराचा खांब. ते गेले मागच्या वर्षी. आठ महिने पडून होते. पण जाताना पाठीवर एक जखम नव्हती त्यांच्या. एकही नाही."

हे ती ज्या आवाजात म्हणाली तो आवाज साहेबांच्या ओळखीचा होता. एखादी गाडी अगदी निर्दोष निघाली की तिच्या कागदावर सही करताना त्यांचा स्वतःचा आवाज असाच व्हायचा.

त्यांच्या खिशातल्या वहीत या ओरखड्यांपैकी सोळांची नोंद होती. तारीख, लांबी, खोली. प्रत्येक वेळी त्यांनी बायकोला "किती लांब?" एवढंच विचारलं होतं, आणि वर "लक्ष कुठे असतं तुझं?" हेही.

बाई सतराव्यापर्यंत पोचल्या. साहेबांनी वही काढून एकही ओरखडा ताडून बघितला नाही. बाईंनी काळजीने वर बघितलं.

"सर, परतीच्या कागदावर सही?"

"तो राहू दे. विकत घेण्याचा फॉर्म आण."

"अहो!" बायको म्हणाली. "आणि ते निवृत्तीनंतर डोंगरात महिनाभर राहायला जायचे म्हणून साठवलेले पैसे?"

"डोंगर कुठे जात नाही."

बाईंनी कॅल्क्युलेटर काढलाच. "सर, गाडी ठेवली तर दंड वाचतो, मान्य. पण त्याने दहा टक्क्यांतला निम्माच फरक भरून निघतो. तुम्हीच सांगता, भावनेच्या भरात गाडी घेऊ नये."

साहेबांनी आकडे पुन्हा तपासले. चूक नव्हती.

"तुझं गणित बरोबर आहे," ते म्हणाले. "पैकीच्या पैकी मार्क. आता फॉर्म आण."

फॉर्म आला. मालकाच्या नावाच्या रकान्यापाशी साहेबांनी पेन बायकोपुढे धरलं.

"माझं नाव कशाला?"

"ओरखडे कोणाचे आहेत?"

तिने एकदा त्यांच्याकडे बघितलं, मग बॉनेटवर कागद ठेवून पूर्ण नाव लिहिलं, शाळेत लिहितात तसं, एकेक अक्षर सुटं. आणि लगेच घड्याळ बघितलं.

"बारा वाजता थोरलीची पट्टी आहे. चला, वाटेत घरी सोडते तुम्हाला."

साहेबांनी सवयीने पुढचं दार उघडलं. सीटवर तिची औषधांची पेटी होती, पट्टा लावून नीट बसवलेली.

"ती तिथेच असते," बायको म्हणाली. "तुम्ही मागे बसा."

आवारातली माणसं हातातली कामं सोडून बघत होती. पट्टीसाहेबांनी पुढचं दार हलकेच लावलं, मागचं उघडलं, आणि बुटांची धूळ झटकून आत बसले.