अलवीयाचे तीन दिवस

माझी थोरली बहीण सकीना हिने घासाघीस करूनच संसार रेटला. सुदानमधल्या उमदुर्मानच्या बाजारात भाजीवाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळे तिला ओळखून होते. तिच्या मुलीच्या, इन्शिराहच्या, लग्नातल्या मेंदीचं ठरवायला आम्ही अलवीयाकडे गेलो, तेव्हा काय होणार याची मला कल्पना होती.

अलवीया फक्त नवरीची मेंदी काढायची. तिने कॉफी दिली, आकडा सांगितला. सकीनाचा पेला हातातच राहिला.

“अगं, पोरीच्या हातापायांना लावणार आहेस की आमच्या घराला गिलावा करणार आहेस?”

अलवीया हसली. “गिलावा एकदा केला की सुटलं. नवरीला मी तीनदा लावते. आज नक्षी, उद्या त्याच रेषेवरून पुन्हा, परवा पुन्हा. मग तेल, मग धुरी. पानाचा रंग असा थरावर थर दिला तरच काळा होतो. तीन दिवस मी दुसऱ्या कुणाच्या दारी जात नाही.”

“म्हणजे तीन दिवस जेवायलाही माझ्याकडेच!”

“ते तर आहेच. तुझ्या हातचं भेंडीचं कालवण चांगलं असतं म्हणतात.”

दुसऱ्या पेल्यापर्यंत ती बरीच खाली आली. उरलेले पैसे लग्नानंतर दे म्हणाली. “पण दिवस कमी करायला सांगू नकोस.”

दिवसांचंच अडलं होतं. लग्न गुरुवारी, आणि तो मंगळवार होता. शनिवारी नवरामुलगा मुआविया परत जेद्दाहला नोकरीवर निघणार होता. आधीचा आठवडा सकीनाने आणखी दोघींकडे भाव करण्यात घालवला होता.

“मग लालच राहू दे,” अलवीया म्हणाली. “छान दिसेल.”

“लाल मेंदी पोरीबाळींना. सासरच्या बायका काय म्हणतील?”

तिथून सकीना मला नि इन्शिराहला घेऊन थेट बाजारातल्या एका पार्लरमध्ये गेली. तिथल्या मुलीने केस रंगवायची काळी पूड कालवली आणि तासाभरात हात-पाय करून दिले. शाईसारखा काळा रंग. गल्लीतल्या बायकांनी बघून जिभा हलवत आनंदाच्या किंकाळ्या फोडल्या. सकीना मला म्हणाली, “बघितलंस? तीन दिवस म्हणे!”

बुधवारी दुपारी इन्शिराह मनगटं चोळत आईला म्हणाली, “युम्मा, आग होतेय गं.”

“लग्नाआधीच्या धुरीने कातडं कोरडं पडलं असेल. नवरीने एवढं कुरकुरू नये.”

गुरुवारी सकाळी तिचे डोळे उघडेनात. हातांवर नक्षीच फुगून वर आली होती, पाकळी न् पाकळी, पाण्याने भरलेली. मी तिला टॅक्सीत घातलं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, आधी कधी केस रंगवले होते का. ईदला रंगवले होते. मग झालं, ते म्हणाले, अंगाने तेव्हाच त्या रंगाशी वैर धरलं असणार.

संध्याकाळी मुआविया आईला घेऊन आला. इन्शिराहने हात चादरीखाली ओढून घेतले. त्याची आई खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, बसली नाही. जाताना दाराबाहेर मला म्हणाली, “हा रोग घराण्यात आहे का?”

“रोग नाही हो, रंग बाधलाय.”

“हो, तसंच म्हणणार तुम्ही.”

पुढच्या सुट्टीत लग्न करू, असं मुआविया म्हणाला. सुरुवातीला त्याचे फोन यायचे. मग त्याचे वडील आले, इन्शिराहच्या वडिलांशी हळू आवाजात बोलले आणि चहा न घेताच उठले.

हातांच्या जखमा भरून आल्या, पण कातडीवर फुलं राहिली. काही पांढरी, काही जांभळट. दोन वर्षांनी कोस्तीच्या एका विधुराचं स्थळ आलं. त्याला चार मुलं होती. इन्शिराह हो म्हणाली. का, हे मी विचारलं नाही.

सकीना पुन्हा अलवीयाकडे गेली. मी सोबत होते. ह्या खेपेला तिने भाव केलाच नाही. “तीन दिवस घे, आठ दिवस घे. म्हणशील ते देते. फक्त तेवढं झाकून दे.”

अलवीयाने इन्शिराहचा हात मांडीवर घेतला. बराच वेळ बोटाने चाचपत राहिली.

“माझी मेंदी नुसत्या पानाची आहे. पण ही कातडी आता काय सोसेल, मला माहीत नाही. मी नाही लावणार, सकीना.”

“किती घेशील ते सांग ना!”

अलवीयाने मान हलवली. सकीना तिथेच चटईवर बसून रडू लागली. इन्शिराहने हात काढून घेतला, ओढणी सारखी केली. “चल युम्मा. घरी पिठाचं बघायचंय.”

लग्नात तिने पांढरे हातमोजे घातले. बायका एकमेकींच्या कानाला लागत होत्या.

गेल्या वर्षी मी कोस्तीला गेले होते. ती धुणं धूत होती. साबणाने हात चिरतात, मधूनमधून रक्त येतं. मी म्हटलं, “नवऱ्याला सांगून एखादी बाई लाव.”

“सांगितलं, खाला. तो म्हणतो, मग तुला कशाला आणली?”

मी बाही वर सारून तिच्याबरोबर पिळायला बसले. बादलीत अजून बरेच कपडे होते.